डोळ्यांतून मेंदूकडे

कराड येथे कृष्णा आणि कोयना ह्या दोन नद्यांचा संगम आहे. दोघींचाही उगम महाबळेश्वरच्या डोंगरात. तेथून निघाल्यावर त्या निरनिराळ्या खोऱ्यांतून वाहत येतात, कराडला अगदी समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात आणि एकरूप होऊन काटकोनात पूर्वेकडे वळतात. नद्यांचे संगम पुष्कळ आहेत. पण बहुधा एक नदी दुसरीला तिरकी येऊन मिळते. समोरासमोरची अशी भेट विरळाच. म्हणूनच ह्या स्थळाला लोकांनी 'प्रीतिसंगम' असे नाव दिले.

घाटावर उभ्या राहणाऱ्या मनुष्याला हा देखावा दिसतो, तो त्याच्या मस्तकात असलेल्या दुसऱ्या एका संगमामुळे. प्रत्येक डोळ्याच्या पाठीमागून एक जाड मज्जातंतू निघतो. तो दिसावयास एखाद्या दोरीसारखा एकसंध असला, तरी त्यात सुमारे दहा-बारा लक्ष सूक्ष्म धागे असतात. दोन डोळ्यांचे हे दोन मज्जातंतू मेंदूच्या तळाशी एकत्र येतात आणि पुन्हा विलग होऊन पुढे जातात. त्या ठिकाणी त्यांची आकृती फुलीसारखी होते. नद्यांच्या संगमात आणि ह्या संगमात एक मोठा भेद मात्र आहे. नद्यांचे पाणी एकदा मिसळले की कृष्णेचे कोणते आणि कोयनेचे कोणते, हे सांगता येत नाही. मज्जातंतूंचे धागे एकत्र येतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येक डोळ्यातील नाकाकडच्या अर्ध्या भागाचे धागे पलीकडच्या बाजूस जातात आणि कानाकडच्या अर्ध्या भागाचे धागे आपल्याच बाजूने पुढे जातात. अशा रीतीने समोरच्या देखाव्याचा डावा अर्धा भाग मेंदूच्या उजव्या बाजूस पोहोचतो आणि उजवा भाग डाव्या बाजूस. ही सारी वाट डोक्याच्या अगदी मागच्या भागापर्यंत जाते. आपण डोळ्यांनी पाहतो असे म्हणतो खरे, पण पाहण्याचे काम मुख्यतः मेंदू करतो.

ही रचना इतकी नियमित असल्यामुळे तिच्यात बिघाड झाला, तर तो कोठे झाला हे बाहेरून ओळखता येते. एखाद्या रोग्याच्या मेंदूतळाशी असलेल्या पोष ग्रंथीवर गाठ उत्पन्न झाली, असे समजा. ती वाढली म्हणजे वरच्या फुलीला मध्यभागी दाबू लागते. तेथून पलीकडे जाणारे धागेच दाबले जात असल्याने रोग्याला समोरचे दिसत राहते, परंतु दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. गंमत अशी की, पुष्कळदा त्याला स्वतःला ह्याचा पत्ताच नसतो. चालताना खांद्याला चौकट लागते, बाजूने येणारी सायकल ऐनवेळी दिसते; तो म्हणतो, 'माझे लक्ष नव्हते.'

वैद्य काय करतो? तो रोग्यासमोर हातभर अंतरावर बसतो. रोग्याचा एक डोळा झाकतो, आपलाही समोरचा डोळा मिटतो आणि रोग्याला आपल्या उघड्या डोळ्याकडे पाहण्यास सांगतो. नंतर आपले एक बोट दूरच्या कडेने हळूहळू मध्ये आणतो. बोट वैद्याला दिसू लागले आणि रोग्याला अजून दिसत नाही, तर काहीतरी चुकले आहे. ह्या परीक्षेला ना यंत्र लागते, ना वीज. एका बोटाने मेंदूतील गाठीचा सुगावा लागू शकतो.

डोळ्यांच्या खुणांवरून मेंदूची व मज्जातंतूंची अवस्था ओळखण्याच्या ह्या शास्त्राला न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजी असे नाव आहे. नाव लांबलचक असले तरी अर्थ सरळ आहे: 'न्यूरो' म्हणजे मज्जातंतूंविषयीचे आणि 'ऑफ्थॅल्मॉलॉजी' म्हणजे नेत्रवैद्यक.

सामान्य लोकांना नेत्रवैद्य माहीत असतो, तो मोतीबिंदू काढणारा. कराडहून रेल्वेने दक्षिणेस गेल्यावर मिरज लागते. तेथे १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उघडले. त्यांच्या हातच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे रोगी मिरजेस येत. नातवाचा हात धरून आलेली वृद्ध माणसे दृष्टी घेऊन परत जात. ते कार्य थोर होते. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते काढले की प्रकाशाची वाट मोकळी होते. पण काही रोगी असे येतात की, त्यांचे भिंग स्वच्छ असते, बुबुळ निर्मळ असते, आणि तरीही त्यांना दिसत नाही. त्यांचा दोष डोळ्याच्या मागे असतो. अशा रोग्यापुढे जुन्या काळचा वैद्य हतबल होई, कारण जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत डोकावण्याचा मार्गच नव्हता.

डोळ्याची बाहुली काळी का दिसते? आत काळोख असतो म्हणून नव्हे. बाहुलीतून आत गेलेला प्रकाश ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत येतो, आणि तो पाहण्यासाठी आपले डोके मध्ये घातले, तर दिव्याचा प्रकाशच अडतो. हे कोडे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी सोडविले. ते त्या वेळी केनिग्सबर्ग येथे अध्यापक होते आणि विद्यार्थ्यांना डोळ्याविषयी शिकविण्याची तयारी करीत होते. त्यांनी काचेची पट्टी तिरकी धरली. बाजूच्या दिव्याचा प्रकाश तिच्यावरून परावर्तित होऊन रोग्याच्या डोळ्यात गेला, आणि परत येणारा प्रकाश त्याच काचेतून आरपार पाहणाऱ्याच्या डोळ्यात आला. १८५१ साली त्यांनी ह्या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली. वर्गात धडा नीट समजावून सांगावा, ह्या धडपडीतून वैद्यकातील एक अत्यंत उपयुक्त साधन जन्मास आले.

त्या उपकरणातून दृष्टिपटल दिसते. त्यावरील तांबड्या रक्तवाहिन्या दिसतात. आणि एका बाजूला फिकट, वाटोळी चकती दिसते. तीच मज्जातंतूची डोळ्याकडील सुरुवात. मनुष्याच्या शरीरात मज्जातंतू कातडी न कापता उघड्या डोळ्यांनी पाहता येतो, असे हे स्थान आहे. बर्लिनचे नेत्रवैद्य आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी १८६० साली दाखवून दिले की, मेंदूत गाठ असलेल्या काही रोग्यांच्या दोन्ही डोळ्यांतील ही चकती सुजलेली असते. मेंदूभोवतीची आवरणे ह्या मज्जातंतूभोवतीही पसरलेली असतात. त्यामुळे कवटीतील दाब वाढला की तो थेट डोळ्यापर्यंत येऊन पोहोचतो. ग्रेफे यांना आयुष्य थोडेच लाभले. १८७० साली अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी क्षयाने त्यांचा अंत झाला.

पुढे ह्या विषयातील ज्ञान वाढत गेले, पण ते विखुरलेले होते. थोडे नेत्रवैद्यांपाशी, थोडे मेंदूच्या वैद्यांपाशी. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. फ्रँक वॉल्श यांनी ते एकत्र करून १९४७ साली मोठा ग्रंथ लिहिला. तेव्हापासून ही स्वतंत्र शाखा म्हणून ओळखली जाऊ लागली.

आपल्या महाराष्ट्रात ह्या विषयाशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते डॉ. नोशीर वाडिया. त्यांचा जन्म १९२५ साली सुरतेस झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते इंग्लंडला गेले आणि तेथे मज्जातंतूंच्या रोगांचे प्रख्यात वैद्य सर रसेल ब्रेन यांच्या हाताखाली शिकले. ते तिकडेच राहू शकले असते. परंतु १९५७ साली ते मुंबईस परतले आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी मज्जातंतूंच्या रोगांचा विभाग उभा केला. ज्याला 'सीटी स्कॅन' म्हणतात ते मेंदूची चित्रे काढणारे यंत्र त्या वेळी जगात कोठेच नव्हते. ते लंडनमधील एका रोग्यावर प्रथम वापरले गेले १९७१ साली. तोवर वैद्याची मुख्य साधने म्हणजे हातोडी, टाचणी, विजेरी आणि स्वतःची नजर.

वाडियांपुढे काही रोगी असे आले की, त्यांचा चालताना तोल जाई. पावले वेडीवाकडी पडत, हात थरथरत, बोलणे अडखळत होई. मेंदूच्या मागील बाजूस अनुमस्तिष्क नावाचा लहान भाग असतो. शरीराचा तोल सांभाळणे हे त्याचे काम. तो झिजू लागला की अशी लक्षणे दिसतात, हे वैद्यांना ठाऊकच होते. घराण्यात चालत आलेल्या अशा रोगांची वर्णनेही ग्रंथांत होती. पण ह्या रोग्यांमध्ये आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांच्या डोळ्यांत होती.

ती समजून घेण्यासाठी निरोगी डोळा कसा फिरतो, ते प्रथम पाहिले पाहिजे. आपली नजर एका वस्तूवरून दुसरीवर सरकत जात नाही. ती उडी मारते. कोणी पुस्तक वाचत असताना त्याच्या डोळ्यांकडे बारकाईने पाहिले, तर बुबुळे थांबत थांबत, लहान लहान उड्या घेत ओळीवरून जाताना दिसतात. ही उडी इतकी जलद असते की, तिला सेकंदाचा लहानसा अंश पुरतो. मोठ्या उडीत डोळा सेकंदाला काही शे अंश ह्या वेगाने फिरतो. शरीरातील इतर फारच थोड्या हालचाली इतक्या शीघ्र असतात. आरशासमोर उभे राहून आपल्या डाव्या डोळ्याकडून उजव्याकडे आणि उजव्याकडून डाव्याकडे पाहावे. स्वतःचे डोळे हललेले कधीच दिसत नाहीत! शेजारी उभ्या असलेल्या मित्राला मात्र ते स्पष्ट दिसतात. नजर उडत असते त्या क्षणापुरते पाहणे मेंदू जणू बाजूला ठेवतो.

ह्या उडीची आज्ञा मेंदूच्या देठातून सुटते. तेथे काही पेशी असतात. त्या एकदम, एका झटक्यात, डोळ्याच्या स्नायूंना निरोप धाडतात.

वाडियांच्या त्या रोग्यांचे डोळे उडी मारीत नव्हते. 'उजवीकडच्या बोटाकडे पाहा, आता डावीकडच्या,' असे सांगितले की, त्यांची बुबुळे संथपणे, जड गाडीसारखी, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात. एखादी वस्तू पाहण्यासाठी कित्येकांना आधी मान वळवावी लागे. इतर वैद्यांनी अशा रोग्यांच्या चालण्याकडे पाहिले होते. तोच तर त्यांचा मुख्य त्रास होता. वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी डोळ्यांकडेही तितक्याच काळजीने पाहिले. केवळ एका-दोघा रोग्यांवर ते थांबले नाहीत. त्यांनी रोग्यांच्या आईवडिलांची, भावंडांची, मुलांची चौकशी केली. अशी एकूण नऊ घराणी त्यांना आढळली. तोल जाणे आणि नजर मंद होणे ह्या दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या जोडीने चालत आलेल्या होत्या. १९७१ साली 'ब्रेन' ह्या इंग्लंडमधील प्रतिष्ठित नियतकालिकात त्यांनी हा रोगाचा नवा प्रकार म्हणून प्रसिद्ध केला.

योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईत डोळ्यांची एक साथ आली आणि तिनेही मज्जातंतूंच्या वैद्यांना कामाला लावले. ही साथ प्रथम १९६९ साली आफ्रिकेतील घाना देशात दिसली होती. अपोलो यानातून माणसे चंद्रावर उतरली तेच हे वर्ष. म्हणून तेथील लोक ह्या रोगाला 'अपोलो' म्हणू लागले. बंगालमध्ये त्याला 'जय बांगला' हे नाव पडले. आपल्याकडे त्याला नवे नाव देण्याची गरज कोणाला वाटली नाही. डोळे आले, एवढेच लोक म्हणत. पण हे येणे नेहमीपेक्षा उग्र होते. डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरून तो लालभडक होई. तरीही आठवड्याभरात रोगी बरा होई आणि सारे विसरून जाई.

त्यानंतर काही आठवड्यांनी थोड्या रोग्यांना कमरेत आणि पायांत तीव्र कळा येऊ लागत, आणि पाठोपाठ पाय लुळे पडत. बहुतेक जण प्रौढ होते. दिसण्यात हा पोलिओसारखाच प्रकार. पण पोलिओ मुख्यतः लहान मुलांना होतो. मग ह्या मोठ्या माणसांना काय झाले? परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एडी भरुचा आणि डॉ. मोंडकर, तसेच वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. इराणी व डॉ. कत्रक, यांनी लुळ्या पायांचा संबंध लाल डोळ्यांशी जोडला. १९७२-७३ च्या सुमारास 'लॅन्सेट' नियतकालिकातून त्यांनी जगाला त्याची वार्ता दिली. ह्या साथीचा विषाणू पोलिओच्या विषाणूच्याच कुळातील निघाला. पाय दुखतात म्हणून आलेल्या मनुष्याला 'मागे तुझे डोळे आले होते का?' असे विचारणे वरवर विचित्र वाटते. त्या वर्षी मुंबईत मात्र तो प्रश्न विचारल्यावाचून रोगाचे निदान होत नव्हते.

ह्या शाखेत काम करू इच्छिणाऱ्यास मार्ग लांबचा आहे. प्रथम वैद्यकाची पदवी. प्रशिक्षणाचे वर्ष धरून तिला साडेपाच वर्षे लागतात. त्यासाठी आता दूर जाण्याचे कारण नाही; मिरजेस १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कराडलाही १९८४ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्यापुढे तीन वर्षे नेत्रवैद्यक शिकावे, किंवा सामान्य वैद्यक शिकून मग आणखी तीन वर्षे मज्जातंतूंच्या रोगांचा अभ्यास करावा. दोन्ही वाटांनी ह्या विषयात येता येते, आणि दोहोंनंतरही खास शिक्षण घ्यावे लागते. इतका काळ शिकूनही येथे शस्त्रक्रियेचा झटपट चमत्कार नाही. मोतीबिंदू काढणाऱ्याला दुसऱ्या दिवशीच रोग्याचा आनंदी चेहरा दिसतो. न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजी करणाऱ्याला पुष्कळदा तासभर प्रश्न विचारून, बाहुल्या तपासून, नजर फिरवून पाहून, रोग्याला दुसऱ्या वैद्याकडे पाठवावे लागते. पण योग्य वैद्याकडे योग्य वेळी पाठविल्याने कित्येकांची दृष्टी, आणि काही वेळा प्राणही, वाचतात. दृष्टिपटलाच्या मज्जातंतूची सूज वेळीच ओळखली गेली, तर कवटीतील दाब उतरविता येतो. उशीर झाला, तर सुकलेले धागे पुन्हा उगवत नाहीत.

त्या मंद नजरेच्या नऊ घराण्यांचे कोडे १९७१ साली अर्धेच सुटले होते. रोग वंशातून येतो हे दिसत होते, पण वंशातील कोणत्या दोषाने, ते कळत नव्हते. अटलांटिक महासागरापलीकडे क्युबा नावाचे बेट आहे. तेथील ओल्गिन प्रांतात असेच तोल गेलेले, संथ नजरेचे रोगी फार मोठ्या संख्येने होते. त्यांच्या रक्ताचा अभ्यास करता करता १९९३ साली शास्त्रज्ञांना हा दोष बाराव्या गुणसूत्रावर असल्याचे समजले, आणि १९९६ साली तीन निरनिराळ्या गटांनी प्रत्यक्ष जनुक शोधून काढले. जनुक म्हणजे शरीराच्या घडणीची लिखित आज्ञा, असे मानावे. त्यात तीन अक्षरांचा एक शब्द बहुतेक माणसांत साधारण बावीस वेळा लागोपाठ येतो. ह्या रोग्यांमध्ये तो तेहतीस किंवा त्याहून अधिक वेळा येतो. एखाद्या नकलनविसाची लेखणी एकाच शब्दावर अडकावी, तसे. पुनरुक्ती जितकी जास्त, तितका रोग लवकर दिसू लागतो, आणि पुढच्या पिढीत ती पुष्कळदा वाढते.

१९९८ साली वाडियांनी आपल्या सहकाऱ्यांसह 'ब्रेन' मध्येच पुन्हा लेख लिहिला. सहा भारतीय घराण्यांचे रक्त तपासले होते, आणि दोष त्याच जनुकात होता. तोल जाण्याचे आनुवंशिक रोग अनेक आहेत; त्यांतून हा प्रकार वेगळा काढण्यास मंद नजर ही खूण किती उपयोगी पडते, हे त्या लेखाचे मुख्य सांगणे होते. पहिल्या लेखाला तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती, आणि वाडिया त्र्याहत्तर वर्षांचे होते.

त्या रोगाला थांबविणारे औषध अद्याप सापडलेले नाही. आईला किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव निम्मा असतो. रक्ताची परीक्षा करून आपल्या भागास काय आले आहे हे आता जाणून घेता येते. जाणून घ्यावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते, आणि कित्येक जण न जाणणेच पसंत करतात. क्युबातील शास्त्रज्ञांना पुढे असेही आढळले की, दोष असलेल्या तरुणांची नजर, पाऊल अडखळू लागण्यापूर्वीच, किंचित मंद झालेली असते. म्हणून नवी औषधे शोधणारे शास्त्रज्ञ आज यंत्राने नजरेच्या उडीचा वेग मोजतात. औषधाचा गुण येतो आहे की नाही, ते ठरविण्यासाठी त्यांना ती मोजणी उपयोगी पडते. डॉ. वाडियांना २०१२ साली पद्मभूषण मिळाले. २०१६ साली मुंबईत ते निवर्तले.